सगळे मॅकेन्झी एकाच रक्ताचे का? विजयदुर्गाजवळ पडलेल्या सरदारापासून न्यूझीलंडच्या मेंढीचोरापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. आनंदराव धुळपांनी १७८३ साली ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज पकडलं. त्याबद्दल वाचताना कर्नल हंबरस्टन मॅकेन्झी हे नाव आढळलं आणि तो स्कॉटलंडमधल्या मॅकेन्झी क्लॅनचा प्रमुख होता असं कळलं. विचारणारा टोरांटोत नोकरीला आहे. त्याच्या ऑफिसातला एक सहकारीही मॅकेन्झी आहे आणि ‘आम्ही किन्टेलच्या सरदारांचे वंशज’ असं छातीठोकपणे सांगतो. तर क्लॅन म्हणजे नेमकं काय, हे सगळे एकाच मूळपुरुषाचे का, आणि जगभर पसरले कसे?

स्कॉटिश घराण्यांच्या वंशावळी शोधून देणं हे माझं काम आहे, आणि मॅकेन्झी आडनावाची माणसं माझ्याकडे सतत येतात. म्हणून आधी रोखठोक उत्तर देतो: नाही, सगळे एकाच रक्ताचे नाहीत. बहुसंख्य मॅकेन्झींचा सरदार घराण्याशी रक्ताचा संबंध सिद्ध होत नाही, आणि तसा तो असायला हवा अशी त्या काळी कोणाची अपेक्षाही नव्हती. क्लॅन बांधला गेला तो जमिनीवर, संरक्षणावर आणि गरज पडली की तलवार घेऊन हजर होण्याच्या कबुलीवर. रक्ताची गोष्ट बरीचशी मागाहून रचलेली आहे. आपल्याकडे देशमुखीच्या वतनात खरी भावकी, आश्रयाला आलेली घरं आणि पिढ्यान्पिढ्या जमीन कसणारी माणसं यांची जी सरमिसळ असे, तिच्या जवळपास जाणारी ही व्यवस्था.

मॅकेन्झींचा मूळ मुलूख म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं किन्टेल. आज ज्याचा फोटो प्रत्येक कॅलेंडरवर असतो तो आयलिअन डोनन किल्ला त्यांचाच. पण किल्ल्याची राखण करायचे मॅक्रे आडनावाचे लोक. ‘मॅकेन्झींचं चिलखत’ ही त्यांची ख्याती होती. मॅक्रे आणि मॅक्लेनन आडनाव वेगळं ठेवूनही मॅकेन्झींसाठी लढले. उलट, शेजारच्या दऱ्यांतल्या कितीतरी साध्या कुळांनी प्रमुखाचंच नाव घेतलं. सामान्य हायलँडरला, म्हणजे उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या माणसाला, कायमचं आडनाव नसेच. गावात तो ‘डंकनच्या जॉनचा अ‍ॅलिस्टर’ एवढाच असे. पुढे भरतीचा अधिकारी, पाद्री किंवा जमीनदाराचा कारकून लेखणी घेऊन समोर बसला आणि आडनाव विचारू लागला, तेव्हा ज्याच्या जमिनीवर राहतो त्याचं नाव सांगणं हेच सोपं आणि सोयीचं होतं.

सरदार घराण्याच्या स्वतःच्या वंशावळीतही गंमत आहे. एडिनबराच्या नॅशनल गॅलरीत बेंजामिन वेस्टचं एक प्रचंड चित्र आहे, पाच मीटरच्या वर रुंद. राजा तिसरा अलेक्झांडर जमिनीवर पडलाय, अंगावर सांबर धावून येतंय आणि एक वीर भाला रोखून मध्ये उभा आहे. हा वीर म्हणजे कॉलिन फिट्झजेराल्ड, आयर्लंडहून आलेला उमराव आणि मॅकेन्झींचा मूळपुरुष. क्लॅनच्या चिन्हावरचं सांबराचं डोकं आणि ‘राजाला मदत कर’ हे ब्रीद याच प्रसंगातून आलं, अशी कथा. चित्र १७८६ साली क्लॅनच्या प्रमुखानंच काढून घेतलं. आता अभ्यासक ही कथा मानत नाहीत. कॉलिनच्या नावाची जी जुनी सनद पुढे केली जाई ती विश्वासार्ह नाही, आणि पंधराव्या शतकातलं गेलिक (हायलँडच्या जुन्या भाषेतलं) हस्तलिखित मॅकेन्झींना स्थानिक गेलिक मूळपुरुषाशी जोडतं. मॅथेसन घराण्याचाही तोच मूळपुरुष. हे मॅथेसन लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहेत.

कागदांत मॅकेन्झी ठळकपणे दिसू लागतात ते पंधराव्या शतकात. किनाऱ्यावर आणि बेटांवर तेव्हा मॅक्डोनल्डांचं राज्य होतं. १४९३ मध्ये स्कॉटिश राजानं ते मोडलं, आणि त्या पडझडीत ज्यांनी राजाची बाजू धरून जमीन कमावली त्यांत मॅकेन्झी पुढे होते. तलवारीपेक्षा सनदा, लग्नं आणि कर्जं यांच्या जोरावर ते वाढले, हे माझं स्पष्ट मत. लुईस बेटाचंच बघा. तिथले मॅक्लाउड आपापसांत कापून मेले. मग राजानं फाइफ परगण्यातल्या जमीनदारांना बेट वसवायला पाठवलं, तेही हरले. शेवटी १६१० च्या सुमारास मॅकेन्झींनी त्यांचे हक्क विकत घेऊन बेट खिशात टाकलं. १६२३ मध्ये प्रमुखाला सीफोर्थचा अर्ल ही पदवी मिळाली, तीही लुईसमधल्याच एका खाडीच्या नावावरून. आता मुलूख पश्चिमेच्या बेटापासून पूर्वेच्या ब्लॅक आयलपर्यंत पसरला होता.

मग गादीवरून हटवलेल्या स्ट्यूअर्ट राजघराण्याच्या बाजूनं झालेली बंडं. पाचवा अर्ल १७१५ च्या उठावात उतरला आणि पदवी-जमीन घालवून बसला. १७१९ मध्ये तो स्पॅनिश सैनिकांची तुकडी घेऊन परतला. इंग्रजी युद्धनौकांनी आयलिअन डोनन उडवून दिला आणि १० जूनला ग्लेन शीलच्या खिंडीत बंडाचा निकाल लागला. तिथल्या एका शिखराला गेलिकमध्ये आजही ‘स्पॅनियार्डांचं शिखर’ म्हणतात. पण मला यातला खरा मोलाचा भाग लढाईनंतरचा वाटतो. जमीन सरकारजमा झाली तरी रयत सरकारला खंड देईना. डोनाल्ड मर्चिसन नावाचा कारभारी तो गोळा करून परागंदा मालकाला गुपचूप पोचवत असे. सरकारी वसुली अधिकारी सैनिक घेऊन आले तर त्यांना गोळ्या घालून परत लावलं जाई. क्लॅन म्हणजे काय हे ढाल-तलवारीच्या चिन्हापेक्षा या वसुलीतून जास्त कळतं.

१७४५ च्या शेवटच्या उठावात घर दुभंगलं. सीफोर्थ घराण्याचा वारस सरकारकडे राहिला. क्रोमार्टीचा अर्ल, म्हणजे मॅकेन्झींचीच धाकटी शाखा, बंडात गेला आणि बंड चिरडणाऱ्या कलोडनच्या लढाईच्या आदल्या दिवशी पकडला गेला. देहदंडाची शिक्षा झाली, पुढे माफी मिळाली. त्यानंतर हत्यारं गेली, हायलँडचा पोशाख बेकायदा ठरला, प्रमुखांचे न्यायनिवाड्याचे हक्क गेले. प्रमुख आता नुसता जमीनदार उरला. जमीनदाराला माणसं नको असतात, खंड हवा असतो. पांगापांगीचं मूळ इथे आहे. इंग्रजांनी हाकललं हे सांगायला सोपं आहे, पण बहुतेक ठिकाणी माणसं हलवली ती त्यांच्याच आडनावाच्या मालकांनी, कर्जापायी.

बाहेर जायची पहिली मोठी वाट म्हणजे पलटण. गेलेली पत आणि राजाची मर्जी परत मिळवायची तर प्रमुखाकडे विकण्याजोगी एकच गोष्ट होती, ती म्हणजे माणसं. क्रोमार्टीच्या त्या बंडखोर अर्लच्या मुलानं एक पलटण उभारली आणि ती दक्षिणेत हैदरअलीशी लढायला आली. १७७८ मध्ये सीफोर्थच्या अर्लनं, ज्याला ही पदवी १७७१ मध्ये पुन्हा मिळाली होती, दुसरी उभारली. तिच्यात मॅक्रे इतके होते की त्यांनी एडिनबरात केलेलं बंड ‘मॅक्रेंचं प्रकरण’ म्हणूनच ओळखलं जातं. थकलेला पगार आणि ‘आपल्याला ईस्ट इंडिया कंपनीला विकलंय’ अशी अफवा, यावरून ते शहराजवळच्या डोंगरावर मोर्चा बांधून बसले. समजूत घालून, माफी देऊन त्यांना खाली उतरवलं. अफवा अगदीच खोटी म्हणवत नाही, कारण १७८१ मध्ये पलटण हिंदुस्थानाकडेच निघाली. वाटेत दोनशेहून अधिक माणसं बहुतांशी स्कर्व्हीनं गेली, आणि अर्ल स्वतःही समुद्रातच वारला.

त्याचा वारस म्हणजे प्रश्नातला हंबरस्टन. कर्जात बुडालेल्या अर्लनं १७७९ मध्येच सगळी जहागीर १ लाख पौंडांना या चुलतभावाच्या नावावर केली होती. अर्ल गेल्यावर प्रमुखपदही त्याच्याकडे आलं. हैदरअली आणि टिपूविरुद्धच्या युद्धात तो मलबार किनाऱ्यावर लढत होता. सेनापतीशी खटका उडाल्यानं तो आणि काही अधिकारी तक्रार घेऊन मुंबईला आले. परत जाताना ते ‘रेंजर’वर होते आणि ८ एप्रिल १७८३ रोजी धुळपांच्या आरमाराशी गाठ पडली. साल्बाईचा तह आदल्या वर्षीच झाला होता, म्हणजे मराठे आणि इंग्रज यांच्यात कागदावर शांतता होती. तरी तासन्‌तास लढाई झाली आणि जहाजावरचे जवळपास सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. हंबरस्टनच्या शरीरातून गोळी आरपार गेली. इंग्रज ज्याला घेरिया म्हणत त्या विजयदुर्गात ३० एप्रिलला तो मेला, वय तिशीच्या आत. त्याच जहाजावर नॉर्मन मॅक्लाउड होता, तोही जखमी झाला. हा मॅक्लाउड क्लॅनचा प्रमुख. हायलँडच्या दोन मोठ्या क्लॅनचे प्रमुख कोकणच्या किनाऱ्यावर एका दिवशी एका जहाजावर धुळपांच्या तोंडी सापडले. स्कॉटलंडमध्ये हे सांगितलं की लोक नकाशा काढून विजयदुर्ग शोधतात.

हंबरस्टनचा भाऊ फ्रान्सिस पुढचा प्रमुख. लहानपणीच्या आजारात तो बहिरा झाला होता, पण माणूस जबरदस्त हिकमती. वर सांगितलेलं सांबराचं चित्र त्यानंच काढून घेतलं. १७९३ मध्ये त्यानं ७८ वी पलटण उभी केली आणि लुईस-किन्टेलची पोरं पुन्हा भरती झाली. हीच पलटण २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या हाताखाली असईला शिंद्यांच्या तोफांवर चालून गेली, आणि नोव्हेंबरात अडगावलाही होती. असईत सर्वांत जास्त कापली गेली ती ७४ वी हायलँडर पलटण, हेही इथेच सांगतो, नाहीतर सगळं श्रेय मॅकेन्झींना जातं. कंपनीनं या पलटणींना ‘असई’ हा शब्द आणि हत्तीचं चिन्ह दिलं. म्हणून सीफोर्थ हायलँडर्सच्या सांबरासोबत हत्ती दिसतो. १८४० च्या दशकात ७८ वी पलटण पुण्यात होती. तिथून सिंधला गेली आणि सक्करच्या तापात बायका-मुलांसकट पाचशेहून अधिक जीव गेले.

मॅकेन्झी टार्टन म्हणून आज जगभर विकलं जाणारं हिरवं-निळं, पांढऱ्या आणि लाल रेघांचं कापड या पलटणींच्या गणवेशाचंच आहे. प्राचीन काळी प्रत्येक क्लॅनचं ठरलेलं कापड होतं हा समज दुकानदारांना फार उपयोगी पडतो.

फ्रान्सिसची पुढची गोष्ट कमी सांगितली जाते, पण पांगापांग समजायची तर ती टाळता येत नाही. १८०१ मध्ये तो बार्बाडोसचा गव्हर्नर झाला आणि कर्ज फेडायला आजच्या गयानातल्या बर्बीसमध्ये कापसाचे मळे घेतले, अर्थात गुलामांकडून राबवलेले. गुलामाची हत्या करणाऱ्याला देहदंड व्हावा म्हणून त्यानं कायदा करवून घेतला हे खरं, आणि गुलामांच्या घामावर किन्टेल वाचवायचा प्रयत्न केला हेही खरं. वाचलं काहीच नाही. किन्टेलचे तुकडे विकावे लागले. कॅरिबियनमध्ये, विशेषतः जमैकात, मॅकेन्झी आडनावाचे कृष्णवर्णीय लोक मुबलक आहेत. त्यांच्या पूर्वजांना हे नाव स्कॉटिश मालक, मुकादम किंवा बाप यांच्याकडून मिळालं. क्लॅनच्या मेळाव्यांत कित्येक वर्षं त्यांचा उल्लेखही नसे. माझ्या लेखी ते तितकेच मॅकेन्झी आहेत जितका खंडाच्या वहीत नाव लागलेला किन्टेलचा शेतकरी.

फ्रान्सिसचे चारही मुलगे त्याच्याआधी गेले. ‘शेवटचा प्रमुख बहिरा असेल आणि मुलांचे मृत्यू बघून मरेल’ असं ब्रॅहनच्या द्रष्ट्यानं दीडशे वर्षं आधी सांगितलं होतं, ही कथा तुम्हाला इंटरनेटवर हमखास भेटेल. तिचा सविस्तर छापील मजकूर घटना घडून गेल्यावरचा आहे, एवढं ध्यानात ठेवून मजेनं वाचा.

जमीन मुलगी मेरीकडे आली आणि कर्जही. १८४४ मध्ये लुईस बेट विकलं गेलं, १ लाख ९० हजार पौंडांना. घेणारा जेम्स मॅथेसन, जार्डिन-मॅथेसन कंपनीचा भागीदार. पैसा चीनच्या अफूचा. त्या व्यापारात माळव्याची अफू मुंबईहून जायची आणि या कंपनीचे मुंबईतले मोठे साथीदार म्हणजे जमशेटजी जीजीभॉय. म्हणजे जे.जे. रुग्णालय ज्यांच्या नावाचं आहे त्यांच्या आणि लुईसच्या नव्या मालकाच्या संपत्तीचा उगम एकाच पेट्यांत होता. बटाट्याच्या दुष्काळात मॅथेसननं धान्य पुरवलं. पण १८५१ पासून काही वर्षांत सतराशेच्या वर लोकांना स्वतः भाडं भरून क्वेबेककडे रवानाही केलं. जायचं नसेल तर थकलेला खंड भरा, नाहीतर घर सोडा, अशी ती ‘मदत’ होती.

सगळेच मुकाट्यानं गेले नाहीत. क्रोमार्टीच्या जहागिरीत, कोइगाख किनाऱ्यावर, १८५२-५३ मध्ये घर खाली करण्याच्या नोटिसा घेऊन माणसं आली तेव्हा बायकाच पुढे झाल्या. त्यांनी कागद हिसकावून जाळले आणि पोलिसांना हात हलवत परत धाडलं. शेवटी मालकांनी नाद सोडला. हायलँडमध्ये असे विजय फार थोडे.

पण लोक त्याच्या कितीतरी आधीपासून जात होते, आणि सुरुवातीचे बरेचसे स्वतःहून, खंड दुप्पट झाला म्हणून चिडून. १७७३ मध्ये ‘हेक्टर’ जहाज लॉख ब्रूमहून सुमारे १९० माणसं घेऊन निघालं आणि सप्टेंबरात नोव्हा स्कोशियातल्या पिक्टूला लागलं. देवी आणि हगवणीनं वाटेत अठरा मुलं गेली. कॅनडातल्या हायलँडर वस्तीची कहाणी इथून सांगतात. पुढच्याच वर्षी लुईस बेटावरच्या स्टॉर्नोवेहून एक कुटुंब न्यूयॉर्कला गेलं. त्यातला दहा-बारा वर्षांचा मुलगा म्हणजे अलेक्झांडर मॅकेन्झी. १७८९ मध्ये तो एका महानदीवरून उत्तर महासागरापर्यंत गेला आणि आज ती मॅकेन्झी नदी म्हणून ओळखली जाते. २२ जुलै १७९३ ला पॅसिफिकच्या किनाऱ्यावर पोचून त्यानं एका खडकावर नाव, तारीख आणि ‘कॅनडाहून, जमिनीवरून’ एवढंच लिहिलं. शेवटी परत येऊन ब्लॅक आयलवरच्या अ‍ॅवोखला त्याला मूठमाती मिळाली. त्याच्याच स्टॉर्नोवेचा कॉलिन मॅकेन्झी हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेयर जनरल झाला. त्याची हस्तलिखितं धुंडाळणाऱ्या मराठी अभ्यासकांना त्याची ओळख करून द्यायला नको.

न्यूझीलंडची कहाणी माझी सगळ्यात आवडती. हायलँडच्या दऱ्या रिकाम्या झाल्या त्या मेंढ्यांसाठी, कारण मालकांना कुळांपेक्षा कुरणांचा खंड जास्त मिळे. मार्च १८५५ मध्ये दक्षिण बेटावर एक गेलिक बोलणारा धनगर पकडला गेला, नाव जेम्स मॅकेन्झी. सोबत चोरीच्या हजार मेंढ्या आणि ‘फ्रायडे’ नावाची कुत्री. तो ज्या पठाराकडे मेंढ्या हाकत होता ते गोऱ्या वसाहतवाल्यांना तोवर धड ठाऊकही नव्हतं. पाच वर्षांची सजा झाली, तो सारखा पळायचा, आणि खटल्यात त्रुटी सापडल्यावर काही महिन्यांतच सुटला. मग कुठे गेला कोणास ठाऊक. त्या सबंध पठाराला आज मॅकेन्झी कंट्री म्हणतात. सरदारांच्या नावावर नाही, एका मेंढीचोराच्या नावावर प्रदेश आहे!

त्याच देशात दुसरा जॉन मॅकेन्झी, रॉस-शायरच्या शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी त्यानं हुसकावलेली कुटुंबं दफनभूमीत आसऱ्याला बसलेली पाहिली होती. १८९० च्या दशकात तो न्यूझीलंडचा जमीनमंत्री झाला आणि मोठमोठी कुरणं सरकारनं विकत घेऊन लहान शेतकऱ्यांना वाटायचे कायदे त्यानं केले. ती जमीन त्याआधी माओरींची होती, आणि त्याच मंत्र्याच्या काळात माओरींची आणखी जमीन सरकारनं खरेदी केली, हेही त्याच्या खात्यावर मांडायला हवं.

आता टोरांटोच्या सहकाऱ्याबद्दल. कॅनडाचे दुसरे पंतप्रधान अलेक्झांडर मॅकेन्झी पर्थशायरचे गवंडी होते. १८३७ चं बंड करणारा विल्यम लायन मॅकेन्झी डंडीचा. किन्टेलशी दोघांचाही थेट धागा नाही. तेव्हा आडनावावरून काही सिद्ध होत नाही, आधी गाव हवं. त्याला विचारा, पणजोबा-खापरपणजोबा कोणत्या पॅरिशमधून, म्हणजे कोणत्या चर्चच्या हद्दीतून, आले? घरी जुनं बायबल, कबरीवरचा मजकूर, कॅनडातला जमिनीचा अर्ज असं काही आहे का? घरात गेलिक बोलत होते का? सरदाराचं चिन्ह कोटावर लावून हे कळत नाही.

स्कॉटलंडमध्ये सक्तीची जन्म-मृत्यू नोंद १ जानेवारी १८५५ पासून आहे, आणि मृत्यूच्या दाखल्यावर आई-वडील दोघांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. म्हणून स्थलांतर केलेला पूर्वज सापडत नसेल तर मागे राहिलेला त्याचा भाऊ किंवा बहीण शोधा, जी १८५५ नंतर वारली असेल. तिच्या दाखल्यावरून एक पिढी मागे जाता येतं. त्याआधीच्या चर्चच्या वह्या लुईससारख्या भागात बहुतेक १८०० नंतरच सुरू होतात. तिथून पुढे जहागिरीच्या खंडवह्या आणि पलटणीचे हजेरीपट हाच आधार. स्पेलिंगच्या भानगडीत अडकू नका, ‘मॅक’नंतर मोठं अक्षर आहे की लहान यावरून शाखा ओळखता येते हा निव्वळ भ्रम आहे. उलट नावांची रीत उपयोगी पडते. थोरला मुलगा बहुधा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या. मात्र एकाच गावात पाच जॉन मॅकेन्झी निघाले तर घाबरायचं नाही, बायकोच्या नावावरून वेगळे करायचे.

डीएनए चाचणी करायची असेल तर पुरुष वंशरेषेची करावी, आणि निकालाची तयारी ठेवून. मॅकेन्झी आडनावाच्या पुरुषांत एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक रेषा निघतात. त्याची रेषा प्रमुखांच्या शाखेशी जुळली तर उत्तमच. नाही जुळली तर त्याचा पूर्वज बहुधा त्या माणसांपैकी, ज्यांनी जप्ती असतानाही मर्चिसनच्या हाती खंड ठेवला होता. त्यांची कागदपत्रं शोधायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे सुरुवात गावापासून करायला त्याला सांगा.